बारा नंबरच्या हयातीचा दाखला

मावशी जिवंत आहे, हे तिच्या फोनला काही केल्या पटत नव्हतं. सकाळपासून सहाव्यांदा ती खिडकीपाशी उजेडात बसली होती. चष्मा काढलेला, केस चापूनचोपून बसवलेले, फोन तोंडासमोर हातभर अंतरावर धरलेला. आणि सहाव्यांदा पेन्शनच्या ॲपने तिचा चेहरा बघायच्या आधीच पाठ फिरवली. 'आपल्या उपकरणाच्या सुरक्षा रचनेत बदल आढळला आहे. सेवा देता येत नाही.' खाली 'ठीक आहे' असं एकच बटण. काहीही ठीक नसताना ते दाबल्याशिवाय संदेश जात नसे, आणि मावशीच्या रागाचं निम्मं कारण ते बटणच होतं.

हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यायचा. पूर्वी कार्यालयात जाऊन रजिस्टरवर सही केली, साहेबाने मान वर करून बघितलं, की माणूस पुढच्या वर्षापर्यंत जिवंत. दोन वर्षांपूर्वी ॲप आलं. डोळे मिचकवा, मान डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, मग हिरवी खूण. मावशीला तेव्हा ते आवडलंही होतं. यंदा मुदत तीस तारखेपर्यंत होती आणि आज वीस तारीख. मुदत चुकली तर नोंद बंद, नोंद बंद म्हणजे पेन्शन बंद, आणि ती पुन्हा उघडायला सहा ते आठ महिने. शिवाय तेवढे दिवस सरकारदरबारी मावशी मेलेली.

"करा अपडेट, करा अपडेट म्हणून पाठी लागतात आणि केलं की हे असं," ती स्वतःशीच म्हणाली. खरं तर अपडेट तिने केलंच नव्हतं. फोननेच परस्पर करून घेतलं होतं, आणि सगळी रड तिथूनच सुरू झाली होती.

मावशी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. बोर्डावरची तिची जागा बारावी, म्हणून ती बारा नंबर. तिथे कुणी कुणाला नावाने हाक मारायचं नाही. बारा, चौदा, सात, असंच. लांबच्या लाइनवर खरखर असायची आणि दोन टोकांच्या माणसांना एकमेकांचं ऐकू यायचं नाही, तेव्हा मध्ये बसलेली ऑपरेटर एकाचं ऐकून दुसऱ्याला सांगायची. नियम एकच होता. कानावर आलं तेच तोंडाने जायचं, मध्ये आपलं काही नाही. जन्म, मृत्यू, लग्न मोडल्याचे निरोप मावशीने असे जसेच्या तसे पोचवले होते. एका नवऱ्याने बायकोला घातलेल्या शिव्याही तिने एकदा अत्यंत सभ्य आवाजात, एकही न गाळता पोचवल्या होत्या, आणि बायकोचं उत्तरही तितक्याच सभ्यपणे परत नेलं होतं. त्या नोकरीने तिला पेन्शन दिली आणि दोन्ही कान खाल्ले.

कानात आता मशीन होतं, दोन्हीकडे एकेक, पाच वर्षांपूर्वीचं. ते फोनला जोडलेलं असायचं. फोनवरचा आवाज सरळ कानात उतरायचा, आणि कुठला सूर वाढवायचा, कुठला दाबायचा, हे कंपनीच्या ॲपमधून ठरायचं. मग चार महिन्यांपूर्वी एका सकाळी मावशी उठून बघते तो फोनवर नवी सिस्टिम. जुनं ॲप नव्या सिस्टिमवर चालेना, आणि नवं ॲप जुन्या मशीनला ओळख देईना. मशीन बसवणाऱ्या बाईकडे मावशी तीनदा जाऊन आली. बाई गोड होती. तिन्ही वेळा तिने तेच सांगितलं, की हे मॉडेल आता कंपनीने बंद केलंय, नवीन घ्या. नवीन मशीनची किंमत ऐकून मावशीने ती कागदावर लिहून मागितली, कारण तिला वाटलं आपल्याला चुकून जास्त ऐकू आलं.

नुसतं घरातलं बोलणं ऐकायचं असतं तर तिने ओठ बघून भागवलं असतं. प्रश्न चौदा नंबरचा होता.

चौदा नंबर म्हणजे बोर्डावर तिच्यापासून दुसऱ्या खुर्चीवर बसणारी तिची मैत्रीण. मधली तेरावी खुर्ची कायम मोडलेली असायची, म्हणून दोघी शेजारीच होत्या म्हणा. चौदा आता सहा तासांच्या अंतरावर मुलाकडे राहत होती. वर्षापूर्वी तिला झटका आला. उजवा हात गेला, म्हणजे लिहिणं गेलं, आणि जीभ जड झाली. ती बोलायची पुष्कळ, पण बाहेर पडायचा तो नुसता घरंगळता आवाज. मुलाला कळायचं नाही, सुनेला कळायचं नाही, डॉक्टर तर दुसऱ्या वाक्याला घड्याळ बघायचे. मावशीला मात्र कळायचं, सगळं. तीस वर्षं खरखरीतून माणसं शोधलेला कान होता तो, आणि त्याला मशीनची जोड होती. रोज चार वाजता दोघींचा फोन व्हायचा. डॉक्टर आले की सून फोन लावून चौदाच्या उशाशी ठेवायची. चौदा बोलायची, मावशी ऐकायची आणि डॉक्टरांना शब्दन् शब्द सांगायची. उजव्या खांद्यात कळ येते. गोळीने मळमळतं. सून चांगली आहे पण अंथरुणावरची चादर ओढून ओढून घालते, सुरकुती पाठीला रुतते. हे शेवटचंही मावशीने सांगितलं होतं, आणि सूनबाईंना जरा लागलं होतं.

अपडेट झाल्यावर चौदाचा आवाज मावशीच्या कानात नुसता गढूळ झाला. तीन आठवडे दोघी रोज चारला फोन लावायच्या आणि मावशी एका टोकाला दात-ओठ खात बसायची. त्या तीन आठवड्यांत चौदाने पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरच्यांनी तिला पाणी पाजलं.

तेव्हा मावशी भाच्याच्या दुकानात जाऊन बसली. भाचा म्हणजे धाकट्या बहिणीचा मुलगा, पस्तिशीचा, फोन दुरुस्तीवाला. दुकान म्हणजे एक काउंटर, वर भिंगाचा दिवा, एक तापणारी पट्टी, आणि चुंबक लावलेल्या ताटलीत तिळाएवढे स्क्रू. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ नाक खाजवलं.

"जेलब्रेक करता येईल," तो म्हणाला. "म्हणजे कंपनीने फोनला जी कुलपं घातलीत ती काढायची. मग जुनं ॲप मी आत बसवू शकतो. पण मावशी, त्याचे ताप आहेत."

"कसले?"

"वॉरंटी गेली."

"ती कधीच गेली. मीच गेलेय वॉरंटीतून."

"बँकेची ॲप्स रुसतात. फोन बंद पडला की नुसता चालू करून भागत नाही, इथे येऊन माझ्या लॅपटॉपला जोडावा लागतो. कुलूप नसलं की चांगली माणसं आत येतात तशी वाईटही येतात, त्यामुळे वाटेल त्या लिंकवर बोट ठेवायचं नाही. आणि एकदा का फोन परत मूळ रूपात आणला, तर कंपनी एकदम नवी सिस्टिम घालते. तिच्यात शिरायला वाट नाही. म्हणजे पुन्हा जेलब्रेक नाही."

"फोन कुणाचा आहे?" मावशीने विचारलं.

"तुझा."

"मी विकत घेतलाय ना? मग माझ्या घराला कुलूप घालून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणारी ही कंपनी कोण? कर तू."

भाच्याने केलं. पाऊण तासात जुनं ॲप आलं, मशीनने कानात टिंग केलं, आणि दुकानाबाहेरून जाणाऱ्या सायकलची साखळी तेलाविना करकरतेय हे मावशीला आतून ऐकू आलं. नुसतं पूर्वीसारखं नाही, जास्तच. पूर्वी कंपनीने झाकून ठेवलेले, आवाज कमी-जास्त करायचे सगळे दांडे आता ॲपमध्ये तिच्यासमोर उघडे होते. चार दिवस बसून, चौदाला बोलायला लावून, मावशीने एकेक सूर वर-खाली केला. पंख्याची घरघर दाबली, चौदाचे 'स' आणि 'त' वर काढले. मशीन बसवणारी बाई जे काम भेटीची वेळ घेऊन वर्षातून दोनदा करायची, ते मावशी आता बसल्या बसल्या करत होती. तिला वाटलं, एवढी वर्षं आपल्याला आपल्याच कानाबाहेर उभं केलं होतं या लोकांनी.

ताप झाला, नाही असं नाही. फोन दोनदा मध्येच बंद पडला आणि दोनदा तिला बहिरेपणीच रस्ता ओलांडून, दोन चौक चालून भाच्याचं दुकान गाठावं लागलं. बँकेचं ॲप रुसलं, पण भाच्याने कुलपं काढल्याचं लपवणारा कसलासा पडदा घातला आणि त्याला फसवलं. मावशी खुशीत होती. मग वीस तारीख आली.

पेन्शनचं ॲप पडद्याला फसलं नाही. भाच्याने तीन दिवस वेगवेगळे पडदे घालून बघितले. मग त्याने मावशीचं सिम काढून दुकानातल्या दुसऱ्या फोनमध्ये घातलं. ॲप उघडलं, हसून नमस्कार वगैरे केला, आणि म्हणालं, 'नवीन उपकरण आढळले. कृपया जुन्या उपकरणातील ॲपमधून परवानगी द्या.' जुन्या उपकरणातलं ॲप तर उघडायलाच तयार नव्हतं.

"म्हणजे हा मला त्याच्याकडे पाठवतोय आणि तो मला दारात उभं करत नाहीये," मावशी म्हणाली.

"तसंच," भाचा म्हणाला. त्याने आणखी एक उपाय सांगितला: याच मॉडेलचा दुसरा फोन शोधायचा, कान त्याच्यावर ठेवायचे, आणि हा मूळ रूपात आणून दाखला द्यायचा. पण बाजारात होते तेवढे सगळे फोन कधीच आपोआप अपडेट झालेले. वाट असलेला एखादा मिळायला दोन-चार महिने सहज लागले असते.

चोवीस तारखेला मावशी पेन्शन कार्यालयात गेली. हॉलमध्ये अकरा काउंटर होते आणि त्यांतले नऊ बंद. उघड्या काउंटरवर जायला टोकन लागायचं आणि टोकन ॲपवर मिळायचं. मावशी टोकन न घेता सरळ काचेसमोर जाऊन उभी राहिली आणि हलली नाही. पलीकडची बाई थकलेली होती, वाईट नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं, मावशीचं ओळखपत्र बघितलं, फोटो बघितला, मावशीकडे बघितलं.

"तुम्हीच आहात, दिसतंय मला," ती म्हणाली. "जिवंत आहात तेही दिसतंय. पण मला दिसून उपयोग नाही हो. माझ्या स्क्रीनवर त्याला रकानाच नाही."

"मग कागदावर लिहा."

"कागद बंद झालेत."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षं सरकारी खुर्चीवर बसून तिने कुणाला 'उपयोग नाही' असं म्हटलं नव्हतं. निदान तिला तसं आठवत तरी होतं. मागे रांग खोळंबली. बाईने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला आणि एक शेवटची वाट सांगितली. चेहऱ्याने पडताळणी जमत नाही अशांसाठी आवाजाने पडताळणी असते. यंत्राकडून फोन येतो, ते चार प्रश्न विचारतं. वर्षातून एकदाच करता येतं. तिने मावशीचा अर्ज तिथल्या तिथे भरून दिला.

सव्वीसला सकाळी अकरा-वीसला फोन वाजला. मावशी तयार होती, कान तयार होते, समोर भाचा बसला होता. तिने फोन उचलला आणि म्हणाली, "बारा नंबर."

भाच्याने डोळे विस्फारले. यंत्राने नाव विचारलं. मावशीने आधी "नाव विचारलं आहे" असं सांगितलं, मग नाव सांगितलं. यंत्राने जन्मतारीख विचारली. "जन्मतारीख विचारली आहे," मावशी म्हणाली आणि एकेक आकडा सुटा करून, एका पट्टीत, ना वर ना खाली, जन्मतारीख दिली. चारही प्रश्न तिने असेच पार पाडले, शेवटी ट्रंक कॉलवर सांगायची तसं "तीन मिनिटं झाली" असंही सांगितलं, आणि विजयी मुद्रेने भाच्याकडे बघितलं. फोनचा आवाज सरळ कानात, तोही यंत्राचा, आणि उत्तरं तोंडपाठ. जीभ आपोआप जुन्या कामाला लागली होती, हे तिच्या गावीही नव्हतं.

दुपारी निकाल आला. 'पडताळणी अयशस्वी. आवाज ध्वनिमुद्रित असल्याचे आढळले.'

"मावशी, अगं साध्या माणसासारखं बोलायचं ना," भाचा कळवळून म्हणाला.

"मी कशासारखी बोलले?"

"मला ओरडतेस तसं बोलली असतीस तरी चाललं असतं. जिवंत वाटली असतीस."

ज्या आवाजाबद्दल तिला दोनदा प्रशस्तिपत्रक मिळालं होतं, तो आवाज एका यंत्राने टेपवरचा ठरवला होता. तिला रडू येईल असं वाटत होतं, पण आला तो रागच, आणि घरी जाऊन तिने ती प्रशस्तिपत्रकं कपाटातून काढून पलंगाखालच्या पेटीत टाकली.

आता एकच उपाय उरला होता. तीस तारखेच्या आत फोन मूळ रूपात आणायचा. कुलपं परत, नवी सिस्टिम, पेन्शनचं ॲप खूश, हिरवी खूण. आणि मशीनचं जुनं ॲप कायमचं गेलं, चौदाचा आवाज गेला. मावशीबरोबर राहणाऱ्या बहिणीने सांगून टाकलं की यात विचार करण्यासारखं काय आहे तेच तिला कळत नाही. आठ महिने खायचं काय, तिच्या एकटीच्या पेन्शनीत दोघींचं घर ओढायचं का? मावशी पासबुक काढून शिल्लक मोजत बसली. पण एकोणतीसला चारच्या फोनवर चौदाने सांगितलं की पोटातली कळ आता पाठीत जाते, आणि हे मावशीने सुनेला सांगितलं. मंगळवारी मोठे डॉक्टर घरी येऊन तपासणार असं ठरलं. मंगळवार म्हणजे पाच तारीख.

तीस तारखेला पावणेचारला मावशी दुकानात पोचली. भाच्याने लॅपटॉप उघडून ठेवला होता, केबल काउंटरवर काढून ठेवली होती. आत्ता सुरू केलं तर सहापर्यंत सगळं होईल, मग इथेच बसून दाखला देऊन टाकू, असं त्याने सांगितलं. त्यालाही बरं वाटत नव्हतं. सगळं आपणच केलं असं तो दहा दिवस म्हणत होता, आणि मावशी दहा दिवस त्याला गप्प बस म्हणत होती.

"चारचा फोन होऊ दे," ती म्हणाली.

चारला चौदाचा फोन आला. मावशीने तिला सगळं सांगितलं. आजवर सांगितलं नव्हतं. आजारी माणसाला कशाला, म्हणून. ॲप, पडदे, रकाना नसलेली बाई, टेपवरचा ठरलेला आवाज, समोर पडलेली केबल, सगळं. आठ महिन्यांचं सांगितलं, आणि मंगळवारचंही. भाचा समोर बसून तिचं तोंड बघत होता. पलीकडचा आवाज सरळ मावशीच्या कानात जात होता, त्याला काही ऐकू येण्यासारखं नव्हतं.

"विचार ना तिला, काय करू म्हणावं," तो म्हणाला. "ती म्हणेल तसं करू."

मावशीने विचारलं. चौदा बोलायला लागली, सावकाश, एकेक शब्द जिभेवरून ढकलत. कर, म्हणाली. आत्ताच्या आत्ता कर. माझ्यासाठी मरू नकोस. मंगळवारी मी बोट दाखवीन कुठे दुखतं ते. डावा हात आहे ना. आणि नाही कळलं त्यांना तर नाही कळलं, मी पुष्कळ बोलले जन्मभर, आता पुरे. तू पेन्शन सोडू नकोस, बारा. तुझ्या बहिणीला सांग, मीच सांगितलं म्हणून.

मावशीने सगळं ऐकलं. एकही शब्द निसटला नाही. 'स' आणि 'त' तर लख्ख वाजले.

"काय म्हणाली?" भाच्याने विचारलं. त्याचा हात केबलवर होता.

मावशीला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. कंपनीचा, यंत्राचा, काचेपलीकडच्या बाईचा, आणि सगळ्यात जास्त चौदाचा, इतकं सरळ बोलल्याबद्दल.

"म्हणाली, फोनला हात लावू नको," मावशी म्हणाली. तोच आवाज, एका पट्टीत, ना वर ना खाली.

भाच्याने तिच्याकडे बघितलं. "नक्की?"

"शब्दन् शब्द."

त्याने हळूच केबल गुंडाळली आणि खणात टाकली. तेवढ्यात पलीकडे चौदापर्यंत मावशीचं बोलणं पोचलं होतं. मावशीच्या कानात एकदम असा काही भडका उडाला की तिने मान मागे घेतली. लबाड, म्हणत होती चौदा. खोटारडी. तीस वर्षांत असं केलं नाहीस, आणि आता माझ्याच निरोपाला करतेस? दे फोन त्या पोराला. दे म्हणते ना.

"आता काय म्हणतेय?" भाच्याने विचारलं.

"हे तुझ्यासाठी नाही," मावशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायलाही ती थांबली नाही. "चौदा, ओरडणं झालं की सांग," ती फोनमध्ये म्हणाली. "मंगळवारी डॉक्टर किती वाजता येणार आहेत, ते मला सुनेला विचारायचंय."